एका विद्यार्थ्याची दहा वर्षे

बाळकुमला मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र येऊन आता काही वर्षे झाली. कशेळीच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आजूबाजूस ज्यांनी भातशेती पाहिली, नंतर त्याच परिसरात कारखान्यांचे भोंगे ऐकले, आणि आता कारखान्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे ज्यांना मान वर करून पाहावे लागतात, अशा आमच्या पिढीच्या माणसांना गावात विद्यापीठ आले याचे मोठे अप्रूप आहे. परंतु अप्रूप वेगळे आणि समज वेगळी. पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर आम्हांला अनेकदा विचारले जाते, "बी. ए. झाले की नोकरी, हे कळते. एम. ए. झाले की मास्तरकी, हेही कळते. पण हे पीएच. डी. म्हणजे काय हो? पोर पाच पाच वर्षे एकच वही लिहिते, ती काय वही आहे?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आमच्या संघटनेतील एका जुन्या सभासदाची मुलगी खाडीतील मासेमारीवर संशोधन करीत आहे. बापाचा कारखाना बंद पडला. मिळालेली रक्कम घरदुरुस्तीत आणि थोरलीच्या लग्नात गेली. आणि मुलीची संशोधनवृत्ती महिनेच्या महिने हाती पडत नाही. बाप आम्हांला विचारतो, "साहेब, आणखी किती वर्षे?" मुलगी काहीच विचारत नाही, आणि तेच आम्हांला अधिक जड वाटते. घरात भाकरी मोजून होत असताना ग्रंथालयात बसणे हा गुन्हा आहे की काय, असा भाव तिच्या तोंडावर दिसतो.

आमचे स्वतःचे शिक्षण दहावीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतील कपाटाच्या आणि इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या जोरावर. तेव्हा संशोधनाची व्याख्या सांगण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. परंतु व्याख्या सांगण्यापेक्षा एखादा इसम दाखवणे बरे, या न्यायाने आज आम्ही परळच्या चाळीतून निघालेल्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगणार आहोत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातील महाड, येवला, संविधान, नागपूर या प्रसंगांवर दरवर्षी व्याख्याने होतात. ती व्हावयासच पाहिजेत. त्या मानाने १९१३ ते १९२३ ही दहा वर्षे मात्र "ते परदेशी जाऊन मोठमोठ्या पदव्या घेऊन आले" या एका वाक्यात आटोपतात. ते वाक्य खोटे नाही. पण त्यात पदव्या दिसतात, विद्यार्थी दिसत नाही. या लेखात आम्ही त्यांना भीमराव म्हणणार आहोत, कारण तेव्हा ते विद्यार्थीच होते. त्यात उणा आदर कोणी पाहू नये.

१९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून भीमराव बी. ए. झाले आणि १९१३ च्या आरंभी बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. रुजू होतात न होतात तोच २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील, सुभेदार रामजी, वारले. घरचा कर्ता गेला. खाणारी तोंडे तेवढीच राहिली. अशा वेळी महाराज सयाजीराव गायकवाडांनी परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देऊ केली. ४ जून १९१३ रोजी करारनामा झाला. ठरलेल्या विषयांचा अभ्यास करावयाचा आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावयाची. मुदत तीन वर्षे, रक्कम दरमहा साडेअकरा पौंड. करारनामे वाचण्यात आमचे आयुष्य गेले असल्यामुळे आमचे लक्ष प्रथम अशा कलमांकडे जाते. त्या काळी पौंडाला पंधरा रुपये हा दर होता. म्हणजे ही रक्कम एकशे साडेबहात्तर रुपयांची झाली. न्यूयॉर्कला तेच पौंड डॉलरमध्ये मोजले तर छप्पन्न डॉलरच्या आसपास येतात. त्यात राहणे, जेवण, पुस्तके, आणि यांतूनच वाचवून परळला घरी पाठवावयाचे. एका नाण्याचे दुसऱ्या नाण्यात काय होते, हा धडा या विद्यार्थ्याने वर्गात बसण्यापूर्वीच गिरवावयास घेतला होता. पुढे त्याचा प्रबंध याच विषयावर झाला, हा निव्वळ योगायोग असेलही; आम्हांला तो तसा वाटत नाही.

जुलै १९१३ च्या तिसऱ्या आठवड्यात भीमराव न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वय बावीस. तेथे त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद आज उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी एक. ही यादी पदवीवर डोळा ठेवून चाललेल्या माणसाची नव्हे. पंगतीत प्रथमच सन्मानाने बसावयास मिळालेल्या उपाशी माणसाची ती यादी आहे. ज्या मुलाला शाळेत कोपऱ्यात गोणपाटावर बसावे लागले, ज्याला शिपायाने वरून पाणी ओतल्याखेरीज पिता येत नव्हते, त्याला येथे सेलिग्मन, ड्यूई, रॉबिन्सन, शॉटवेल यांच्या वर्गात कोणत्याही बाकावर बसता येत होते. मनुष्याची वाढ होते ती केवळ वाचनाने होत नाही. कोणत्या बाकावर बसून वाचले यानेही होते.

१९१५ साली एम. ए. च्या पदवीसाठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची जमाखर्चाची पद्धती यांवर निबंध लिहिला. पृष्ठे चाळीस-बेचाळीस. विद्यार्थ्याच्या हातचे लिखाण आहे हे कळते. आकडे पुष्कळ, भाषा अधूनमधून तापलेली. पण त्यात एक प्रश्न असा आहे की जो आम्ही कामगार लोक चटकन ओळखतो. पैसा कोणाच्या खिशातून गेला? कंपनीच्या लढायांचा खर्च, तिचे कर्ज, तिच्या भागीदारांचा नफा हे सारे कोणी भरले? १८५८ साली कंपनीचे राज्य संपले, तेव्हा तिचे देणे आणि भागीदारांचा लाभांश हिंदुस्थानच्याच महसुलावर टाकण्यात आला. म्हणजे ज्याला विकत घेतले त्यालाच स्वतःची किंमत भरावयास लावले! या देवघेवीत हिंदुस्थानने इंग्लंडला दिले ते अवाढव्य आणि इंग्लंडने हिंदुस्थानला दिले ते शून्यवत्, असा निष्कर्ष चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने परक्या देशात बसून काढला.

पुढल्याच वर्षी, ९ मे १९१६ रोजी, प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात त्यांनी हिंदुस्थानातील जातींवर निबंध वाचला. जातीचे मर्म शिवाशिवीत किंवा धंद्यात नसून जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे, ते बंधन टिकवण्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी उभ्या राहिल्या, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९१७ साली तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. त्यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे, म्हणून आम्ही येथे थांबत नाही. एवढेच सांगतो की ज्याच्या अंगावर जातीचे वळ ताजे होते त्याने त्या निबंधात स्वतःचे एकही गाऱ्हाणे घातलेले नाही. रोग ज्याला झाला आहे तोच वैद्याप्रमाणे नाडी पाहतो आहे. हे साधणे किती कठीण आहे, ते ज्याने अन्यायावर अर्ज लिहिला असेल त्यालाच समजेल. आमच्या कचेरीत येणाऱ्या दहा अर्जांपैकी नऊ अर्ज रागाने सुरू होतात आणि मुद्दा तिसऱ्या पानावर येतो.

जून १९१६ मध्ये भीमराव लंडनला गेले. एकीकडे 'लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स', दुसरीकडे 'ग्रेज इन'मध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास. शिष्यवृत्ती एक वर्ष वाढवून मिळाली होती; ती १९१७ साली संपली आणि परत येण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली. युद्ध चालू होते. सामान ज्या जहाजाने निघाले ते पाणतीराने बुडाले आणि त्याबरोबर कित्येक पुस्तकेही गेली. न्यूयॉर्कला पोटाला चिमटा घेऊन भीमरावांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली होती, असे चरित्रकार सांगतात. सामानाच्या नुकसानभरपाईचे जे पैसे आले, त्यांतून करारनाम्याप्रमाणे बडोद्याच्या चाकरीवर जाण्याचा खर्च निघाला.

बडोद्याची हकीकत त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. शहरात राहावयास जागा कोणी देईना. पारशी नाव सांगून दीड रुपया रोजाने एका पारशी वसतिगृहात ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघण्याच्या वेळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान देऊन गेले. एक हिंदू व एक ख्रिस्ती अशा दोन ओळखीच्या माणसांकडे विचारणा झाली. दोघांनी आपापल्या परीने असमर्थता दाखवली. रात्री नऊच्या गाडीची वाट पाहत कोलंबियाचा हा एम. ए. कामाठी बागेत पाच तास बसला. अकरा दिवसांत दहा वर्षांचा करारनामा निकालात निघाला. करार मोडला तो कोणत्या पक्षाने, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोपवतो.

यानंतर काय करावयाचे? नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार चारशे पन्नास. त्या काळच्या परळमध्ये हा राजेशाही पगार होय. माणूस येथेच थांबला असता तर कोणी नावे ठेवली नसती. पण भीमरावांनी राहणी चाळीतलीच ठेवली, रमाबाईंनी संसार काटकसरीने रेटला, आणि पै पै लंडनसाठी बाजूला पडू लागली. याच सुमारास, १९१८ साली, त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर एक लेख लिहिला. जमिनीचे तुकडे एकत्र केले की शेती सुधारेल असे तेव्हाचे पंडित सांगत होते. भीमराव म्हणाले, तुकडा लहान हा मूळ रोग नव्हे. जमिनीवर राबणारे हात गरजेपेक्षा अधिक आहेत आणि हत्यारे व भांडवल कमी, हा रोग आहे. जादा हातांना कारखान्यांत काम मिळाले तर शेतीही सुधारेल. बाळकुमच्या मंडळींना हा लेख समजावून सांगावा लागत नाही. ज्यांच्या आज्यांनी खाजणात लावणी केली आणि ज्यांचे बाप कोलशेत-माजिवड्याच्या कारखान्यांत कामाला लागले, त्यांच्या घरातच तो लेख घडलेला आहे. कारखाने गेल्यावर त्या हातांचे काय, हे मात्र १९१८ साली कोणी विचारणे शक्य नव्हते. तो प्रबंध आजच्या कोणीतरी लिहावयाचा आहे.

मार्च १९२० मध्ये नोकरीचा राजीनामा दिला. स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य, आणि कोलंबियातील पारशी मित्र नवल भाथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढ्यावर जुलै १९२० मध्ये भीमराव पुन्हा लंडनला निघाले. बडोद्यात काठ्या घेऊन आले ते पारशी आणि कर्ज देणाराही पारशी. तेव्हा जातीवरून माणसाची पारख करणाऱ्यांनी हे दोन्ही एका पानावर लिहून ठेवावे.

लंडनमधील त्यांच्या दिवसाचे वर्णन चरित्रांतून येते. सकाळी घरमालकिणीने दिलेला पावाचा तुकडा व चहा, मग ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय. दुपारच्या जेवणाला फाटा. संध्याकाळी ग्रंथालय बंद होताना बाहेर पडावयाचे, रात्री पुन्हा थोडेसे काही, आणि मग खोलीत उशिरापर्यंत वाचन. भूक अनावर झाली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खावयाचे. किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या ज्या घरात ते १९२१-२२ च्या सुमारास राहत, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले.

या पापडांची गोष्ट ऐकून लोक हळहळतात. आम्हांला येथे दुसरेच काही सांगावयाचे आहे. युद्धानंतर रुपयाची हुंडणावळ वेड्यासारखी हिंदकळत होती. १९२० च्या आरंभी रुपया दोन शिलिंगांच्याही वर गेला होता; सरकारने तो दोन शिलिंगांवर बांधण्याचा घाट घातला आणि तो फसला. वर्षभरात रुपया एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास, मधूनमधून त्याच्याही खाली आला. आता हिशेब करा. मुंबईहून शंभर रुपये आले, तर दोन शिलिंगांच्या दराने त्यांचे दहा पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्सच्या दराने पौणेसातही पुरे होत नाहीत. कर्ज मात्र रुपयांत तेवढेच फेडावयाचे. म्हणजे रुपयाच्या प्रश्नावर लिहिणाऱ्या या विद्यार्थ्याच्या ताटातील पाव, तो लिहीत असतानाच, रुपयाच्या घसरणीबरोबर पातळ होत होता. हे आमचे अनुमान आहे. त्यांनी स्वतः प्रबंधात अशी एक ओळही लिहिलेली नाही. परंतु आकडे आमच्या बाजूस आहेत.

जून १९२१ मध्ये एम. एस्सी. झाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी डी. एस्सी. साठी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध सादर केला. आम्ही तो महाराष्ट्र शासनाने १९८९ साली छापलेल्या सहाव्या खंडात वाचला. दोन हिवाळे लागले. अर्ध्या पानाला शब्दकोश उघडावा लागे, आणि टाकसाळीच्या कायद्यांची काही प्रकरणे आजही आम्हांला पुरती पचली आहेत असे नाही. पण तिसरे प्रकरण वाचले आणि एका बैठकीत पुन्हा वाचले, कारण त्यात आमचाच विषय निघाला.

विषय थोडक्यात असा. आपला रुपया चांदीचा होता, इंग्लंडचा पौंड सोन्याचा. १८७० नंतर चांदी जगात स्वस्त होत गेली. जो रुपया दोन शिलिंगांचा होता तो वीस वर्षांत सव्वा शिलिंगापर्यंत उतरला. शेवटी १८९३ साली सरकारने लोकांसाठी टाकसाळी बंद केल्या आणि पुढे रुपया एक शिलिंग चार पेन्सवर धरला. यावर इंग्लंडातल्या आणि इकडल्या शहाण्यांत मोठा वाद होता. नावाजलेले अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात सरकारी व्यवस्थेची पाठराखण केली होती. भीमरावांनी त्यांच्याशीच वाद मांडला. रुपये पाडण्याचे काम सरकारच्या मर्जीवर राहिले तर किमतींना लगाम उरणार नाही, हे त्यांचे मुख्य म्हणणे.

पण त्याच्या पोटात दुसरा एक वाद होता. रुपया स्वस्त झाला की परदेशी माल पाठवणाऱ्या गिरणीवाल्यांचा फायदा होतो, म्हणून स्वस्त रुपया देशाच्या हिताचा, असे मुंबईचे पुष्कळ व्यापारी म्हणत. हे ऐकावयास गोड लागते. परदेशी दोन शिलिंगांना विकलेल्या मालाचा, रुपया दोन शिलिंगांचा असताना, एक रुपया हाती येतो. रुपया एक शिलिंग चार पेन्सचा झाला की तेवढ्याच मालाचा दीड रुपया येतो. हा वरचा अर्धा रुपया कोठून आला? परदेशी गिऱ्हाइकाने तर तेवढेच दोन शिलिंग दिले. भीमरावांनी किमतींचे आणि मजुरीचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. रुपया उतरल्यावर धान्य-कपड्याच्या किमती चढतात, मजुरी मात्र मागे रेंगाळते. तो अर्धा रुपया परदेशातून आलेला नाही; तो येथल्याच मजुराच्या न वाढलेल्या मजुरीतून कापलेला आहे. देशाचा नफा म्हणून जो मिरवला जातो तो देशातल्याच एका वर्गाने दुसऱ्याच्या खिशातून काढलेला पैसा आहे. चोवीस वर्षांच्या मुलाने कंपनी सरकारला जो प्रश्न विचारला होता, तोच एकतिसाव्या वर्षी त्याने मुंबईच्या गिरणीमालकांना विचारला. फक्त या वेळी आवाज चढलेला नाही. विद्यार्थ्याची वाढ जर कोठे डोळ्यांनी दिसत असेल तर ती या दोन लिखाणांतील अंतरात दिसते.

परळच्या चाळीच्या आसपास सर्वत्र गिरण्या होत्या. आपल्या शेजाऱ्यांच्या पगाराचे लंडनच्या चलनबाजाराशी काय नाते आहे, हे शोधावयास त्यांना ब्रिटिश म्युझियममध्ये जावे लागले, कारण ते आकडे चाळीत नव्हते. आम्ही युनियनवाले महागाई भत्त्यासाठी भांडतो तेव्हा तेच करतो, फार लहान प्रमाणावर. १९६३ साली मुंबईच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खोट आहे अशी कामगारांनी ओरड केली. सरकारने प्राध्यापक लकडावाला यांची समिती नेमली, आणि आकडा खरोखरच कमी दाखवला जात होता असे निघाले. सप्टेंबर २०२० पासून औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाचे आधारवर्ष २००१ ऐवजी २०१६ झाले आणि त्यात खाण्यापिण्याचे वजन ४६.२ वरून ३९.१७ वर आणण्यात आले. का? तर सरासरी कामगार कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा घटला, असे पाहणीत दिसले म्हणून. ठेकेदाराकडे राबणाऱ्या माणसाचा वाटाही तसाच घटला काय, हे तपासावयास घरोघर जाऊन वह्या भरणारा कोणीतरी लागेल. त्या वहीलाही प्रबंधच म्हणतात, हे टपरीवरच्या मंडळींना सांगावयाचे आमच्या मनात आहे.

असो. प्रबंध सादर झाला आणि परत आला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो पुन्हा लिहून देण्यास सांगितले. ब्रिटिश कारभारावरील टीका त्यांना झोंबली, असे चरित्रकार म्हणतात. जवळचे पैसे संपले होते. एप्रिलमध्ये भीमराव मुंबईस परतले. डोक्यावर कर्ज, हातात नाकारलेले बाड, वय बत्तीस. आजचा एखादा मार्गदर्शक त्यांना म्हणाला असता, "जरा नरम लिहा, पदवी घ्या, मग काय ते बोला." त्यांनी पुन्हा लिहिले, मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. ऑगस्टमध्ये बाड लंडनला गेले, नोव्हेंबर १९२३ मध्ये स्वीकारले गेले आणि डिसेंबरमध्ये लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने ते छापले. अर्पणपत्रिका आईवडिलांच्या स्मृतीस आहे. त्यांनी शिक्षणासाठी सोसले त्याची कृतज्ञता म्हणून. प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची. तीत कॅनन सरळ सांगतात की लेखकाचे बहुतेक युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत. तरीही त्याचे काही घाव अचूक बसले आहेत आणि विचारांत ताजेपणा आहे. शिष्याच्या ग्रंथाला असहमतीची प्रस्तावना लिहिणारा गुरू आणि ती तशीच छापणारा शिष्य, दोघांनाही आमचा नमस्कार. आमच्या चळवळीत हे अजून रुजावयाचे आहे.

१९२५ साली चलनविषयक राजकीय आयोग, ज्याला हिल्टन यंग आयोग म्हणतात, हिंदुस्थानात आला तेव्हा त्याच्यापुढे डॉ. आंबेडकरांची साक्ष झाली. मजुरी आणि किमतींचा तोच मुद्दा त्यांनी तेथे मांडला. या प्रबंधातूनच रिझर्व्ह बँक जन्मली असे आजकाल व्यासपीठांवरून सांगितले जाते. आयोगापुढे साक्षीदार अनेक होते, बँक १९३५ साली निघाली, आणि बाबासाहेबांच्या मोठेपणाला अशा टेकूची गरज नाही. १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष, ७ नोव्हेंबर १९३८ चा औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धचा संप, १९४२ ते १९४६ मधील मजूर खात्याचे मंत्रिपद, यांच्या मुळाशी जाऊ पाहणाऱ्याने तिसरे प्रकरण वाचावे, एवढेच आमचे म्हणणे.

राहिली ती कोलंबियाची पीएच. डी. "आणखी किती वर्षे" असे विचारणाऱ्या बापाला आम्ही हीच तारखांची यादी वाचून दाखवली. त्या पदवीचे मूळ बाड १९१६ सालीच तयार झाले होते. पण छापील प्रती दिल्याखेरीज पदवी द्यावयाची नाही असा त्या विद्यापीठाचा नियम, आणि छापावयास पैसा नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचे ते पुस्तक, पुष्कळ भर घालून, १९२५ साली निघाले. प्रस्तावना सेलिग्मन यांची, अर्पण सयाजीरावांस. पदवी मिळाली ८ जून १९२७ रोजी. त्याच्या अडीच महिने आधी, २० मार्चला, भीमराव महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून पाणी प्यायले होते.